तारेचा कागद : अस्सल कीं नक्कल ?

(१)

इतिहासाच्या साधनांचा विचार करितांना आपण प्रथम कागदाची प्रत ठरवितों. अस्सल पत्र, समकालीन नक्कल, उत्तरकालीन नक्कल आणि नकलेवरून केलेली नक्कल असा उतरता क्रम लावावयाचा व मग मजकुराकडे वळावयाचें, ही शिस्त संशोधकांत आतां रूढ झाली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एका निराळ्याच जातीचा कागद दप्तरांत दिसूं लागतो. तो म्हणजे तारेचा कागद. त्यावर ठाण्याचें नांव, तारीख व वेळ नोंदलेली असल्यामुळें अभ्यासक त्याची गणना बहुधा अस्सलांत करितात. हिंदुस्थानांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तेव्हांपासून येथील तारेचा कागद सर्वस्वीं इतिहासाचें साधन झाला आहे, व त्याची प्रत ठरविणें हें संशोधकांचें काम आहे.

प्रस्तुत लेखाचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : हातीं पडलेली तार ही अस्सल नसून नक्कल असते. ती कितवी नक्कल आहे व कोणत्या रीतीनें झालेली आहे, हें वाटेवरील चौक्यांवरून ठरतें. या चौक्यांस तारेच्या धंद्यांत 'रिले' किंवा 'रिपीटर' म्हणत. त्यांचें काम कसें चाले हें ठाऊक असल्यावांचून तारेच्या मजकुरावर किती भार ठेवावा हें सांगतां येत नाहीं.

'डाक बसविणें' हा शब्दप्रयोग मराठी कागदपत्रांच्या वाचकांस परिचित आहे. ठराविक टप्प्यांवर माणसें किंवा घोडीं ठेवावयाचीं व लखोटा एकानें दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, असा तिचा प्रकार. रिले या परकी शब्दाचा जुना अर्थही हाच, म्हणजे वाटेंत बदलण्यासाठीं ठेवलेलीं ताज्या दमाचीं जनावरें. मात्र एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. डाकेच्या चौकीवर बदलतात ते पाय. लखोटा तोच असतो, मोहोर तीच असते, अक्षर लिहिणाराचेंच असतें. तारेच्या चौकीवर याच्या उलट घडतें. मागून आलेली खूण तेथेंच संपते, आणि तिच्याबरहुकूम नवी खूण तयार होऊन पुढें जाते. प्रत्येक चौकी ही एक नक्कलनवीस होय.

(२)

विजेच्या तारेपूर्वींही ही नक्कलनविशी चालू होती. फ्रान्समध्यें क्लोद शाप यानें उंच मनोऱ्यांवर हालते लांकडी हात बसवून खुणांनीं संदेश पाठविण्याची पद्धति काढली, व इ. स. १७९४ मध्यें पॅरिस ते लील हा तिचा पहिला मार्ग सुरू झाला. एका मनोऱ्यावरील मनुष्यानें दुर्बिणींतून मागच्या मनोऱ्याची खूण पाहावयाची, आपल्या मनोऱ्याचे हात तसेच लावावयाचे, आणि पुढच्या मनोऱ्यानें तीच खूण लावली कीं नाहीं हें पाहावयाचें, एवढेंच त्याचें काम. या हातांच्या ९२ स्थिति उपयोगांत होत्या. दोन खुणांची एक जोडी धरिली, तर पहिली सांकेतिक पुस्तकाचें पान व दुसरी त्या पानावरील ओळ दाखवी. यायोगें ८,४६४ शब्द अथवा वाक्यें सांगतां येत. तें पुस्तक मधल्या मनोऱ्यांवर नसे. मजकूर न कळतां केवळ आकृति उतरून घेणारा हा नकलनवीस होता.

मजकूर न कळणारा नकलनवीस गुप्ततेच्या दृष्टीनें सोयीचा असतो, पण त्यास खोटेंही कळत नाहीं. याचें उदाहरण इ. स. १८३४ ते १८३६ या काळांत घडलें. बोर्दो येथील ब्लां नांवाच्या दोघां सावकार बंधूंनीं तूर येथील तारमनोऱ्याच्या नोकरास लांच देऊन वश केलें. पॅरिसच्या बाजारांत सरकारी रोख्यांचा भाव चढला कीं पडला हें दर्शविणारी एक जादा खूण तो सरकारी संदेशांत घुसडी, व तिच्यामागोमाग 'मागील खूण चुकली' अशी नियमांतील खूण लावी. मधले सर्व मनोरे दोन्ही खुणा इमानानें पुढें पाठवीत. बोर्दोजवळच्या मनोऱ्यावर नजर ठेवणारा या बंधूंचा मनुष्य ती खूण टिपून घेई, आणि बोर्दोच्या सरकारी कचेरींत संदेशाचा उलगडा होतांना ती चूक म्हणून गाळली जाई. त्यामुळें शेवटच्या कागदावर या लबाडीचा लेशही उरत नसे. पुढें हें प्रकरण उघडकीस आलें, परंतु अशा कृत्यास शासन करणारा स्पष्ट कायदाच त्या वेळीं नव्हता. इ. स. १८३७ मध्यें सरकारनें तो केला. संशोधकानें यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, शेवटची प्रत शुद्ध दिसते एवढ्यावरून वाटेंत कांहींच घडलें नाहीं असें अनुमान काढतां येत नाहीं.

हिंदुस्थानांतही कंपनी सरकारनें अशा मनोऱ्यांची एक रांग कलकत्त्याहून चुनारकडे, इ. स. १८२० च्या मागेंपुढें, उभारली होती. ती फार काळ चालली नाहीं. तिच्यांतील कांहीं ओसाड मनोरे बंगालच्या खेड्यांत आजही दिसतात.

(३)

विजेच्या तारेस चौकी कां लागावी, असा प्रश्न साहजिक येतो. तारेंतून जाणारा प्रवाह जसजसा दूर जाई, तसतसा तो क्षीण होई. कांहीं तारेच्याच विरोधानें वाया जाई, तर कांहीं ओल्या खांबांवरून जमिनींत झिरपे. मग आरंभींच प्रवाह जोरकस सोडला तर काय बिघडेल ? या प्रश्नाचें उत्तर इ. स. १८५८ मध्यें अटलांटिक महासागराच्या तळाशीं मिळालें. आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांमध्यें त्या ऑगस्टांत घातलेली पहिली केबल फार मंद चाले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सुमारे १६ तास लागले. कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यानें सुमारें २,००० व्होल्टचा दाब लावून पाहिला. केबल मुळांतच सदोष होती. तिचें वेष्टण अधिकच खराब झालें व कांहीं आठवड्यांतच ती मुकी झाली.

विल्यम टॉमसन यानें यापूर्वींच गणितानें दाखविलें होतें कीं, समुद्रांतील लांब केबलींत खूण पसरते, आणि ही दिरंगाई लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे लांबी दुप्पट झाली तर दिरंगाई चौपट. हाच नियम उलट वाचला तर चौकीचें महत्त्व कळतें. केबलीचे मध्यावर दोन तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यांतील दिरंगाई एकचतुर्थांश होते. आरंभीं ओरडण्यापेक्षां वाटेंत पुन्हां बोलणारा ठेवणें श्रेयस्कर, हें येथें सिद्ध झालें.

जमिनीवरील तारेसाठीं असा पुन्हां बोलणारा अगोदरच निघाला होता. अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानें इ. स. १८३५ च्या सुमारास, व इंग्लंडांत एडवर्ड डेव्ही यानें इ. स. १८३८ च्या पेटंटांत, त्याची कल्पना मांडली. त्याची घडण साधी आहे. दुरून आलेला दुबळा प्रवाह एका लोखंडी गाभ्याभोंवतालच्या वेटोळ्यांतून फिरवितात. गाभा क्षणभर चुंबक होतो व समोरची हलकी पट्टी ओढून घेतो. ती पट्टी टेकतांच दुसऱ्या तारेचें मंडळ पुरें होतें, आणि त्या मंडळांत चौकीवरच्याच विद्युत्घटाचा ताजा प्रवाह वाहूं लागतो. मागचा प्रवाह थांबला कीं पट्टी सुटते व पुढचाही थांबतो. मागून आलेल्या प्रवाहावर पुढची तार हालविण्याचा भार नसतो. त्यानें फक्त एक पट्टी हालवावयाची. रिले मागच्या प्रवाहास एकच प्रश्न विचारतो : आहेस कीं नाहींस ? या उत्तरावरून तो नवी, पूर्ण जोराची खूण उठवितो. मागचा दुबळेपणा त्या ठिकाणीं संपतो.

तरी हा नकलनवीसही निर्दोष नाहीं. पट्टी ओढली जाण्यास व सुटण्यास थोडा वेळ लागतो. त्यामुळें बिंदु किंचित् आंखूड होतात. एका रिलेनें हा फरक जाणवत नाहीं, परंतु अनेक रिले एकामागून एक आले म्हणजे बिंदु गळूं लागतात.

(४)

हिंदुस्थानांतील तारेचा आरंभ डॉ. विल्यम ओशॉनेसी याच्या प्रयत्नानें झाला. इ. स. १८५४ च्या मार्चांत कलकत्ता व आग्रा हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं, त्याच वर्षीं मुंबईही या जाळ्यांत आली, आणि १८५५ मध्यें सेवा सर्व लोकांस खुली झाली. या काळांत लांब पल्ल्याचा संदेश मधल्या ठाण्यावर कारकुनानें उतरून घ्यावयाचा व पुन्हां हातानें पुढें पाठवावयाचा, अशीच रीति होती. सारांश, येथें नकलनवीस यंत्र नसून माणूस होता.

इ. स. १८५७ च्या ११ मे रोजीं दिल्लीच्या तारकचेरींतून अंबाल्यास गेलेली बातमी सर्वश्रुत आहे. मेरठकडची तार तुटली होती. दिल्लीच्या दोघां तरुण तारवाल्यांनीं अंबाल्यास खबर दिली, अंबाल्यानें ती पंजाबांत पुढें लोटली, व तिच्या जोरावर १३ मे रोजीं लाहोरजवळ मियां मीर येथें देशी पलटणींचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं. या तारेनें उत्तरेंतील घटनांस वळण दिलें, असें इतिहासकार सांगत आले आहेत. पण तिचा मजकूर छापील ग्रंथांत सर्वत्र शब्दशः एकसारखा नाहीं. याचें आश्चर्य वाटावयास नको. अंबाल्यास उतरलेली प्रत, तेथून पुढें गेलेली प्रत आणि मागाहून आठवून सांगितलेली हकीकत या तीन निरनिराळ्या नकला होत. यांपैकीं कोणती उद्धृत केली हें न सांगतां 'दिल्लीची तार' असा एकवचनीं उल्लेख करणें हें पाठभेद न देतां बखर छापण्यासारखेंच आहे.

इ. स. १८६४ मध्यें इराणी आखातांतून केबल पडली व पुढील वर्षीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें तुर्की मुलुखांतून तारव्यवहार सुरू झाला. या मार्गावर वाटेवरच्या ठाण्यांतील पुष्कळ कारकुनांस इंग्रजी येत नसे. संदेश कित्येक दिवसांनीं व ओळखूं येणार नाहींत इतके विकृत होऊन पोंचत, अशी व्यापाऱ्यांची ओरड झाली, आणि इ. स. १८६६ मध्यें पार्लमेंटच्या समितीपुढें हा विषय गेला. शापच्या मनोऱ्यावरील मनुष्यासही मजकूर कळत नसे, पण त्याजपुढें मोजक्या आकृति होत्या. तुर्की ठाण्यांतील कारकून मात्र अपरिचित भाषेचीं अक्षरें ऐकून लिही व लिहिलेलें पुन्हां पाठवी.

या अडचणीवर सीमेन्स बंधूंनीं काढलेला तोडगा म्हणजे लंडनपासून प्रशिया, रशिया व कॉकेशस यांवरून तेहरानपर्यंत नेलेली त्यांची स्वतंत्र तार. ती इ. स. १८७० च्या आरंभीं सुरू झाली. तिच्या वाटेवरील ठाण्यांत संदेश उतरून न घेतां रिलेंच्या द्वारें आपोआप पुढें जाई. १२ एप्रिल १८७० रोजीं लंडनांत झालेल्या प्रयोगांत तेहरानशीं एका मिनिटांत बोलणें झालें, आणि कलकत्त्याशीं २८ मिनिटांत. वाटेंतील माणूस काढला व त्याच्या जागीं पट्टी बसविली, एवढ्यानें दिवसांचे काम मिनिटांवर आलें.

त्याच वर्षीं ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजानें मुंबई व एडन यांमध्यें केबल घातली, आणि सुवेझमार्गें मुंबई थेट समुद्रांतून इंग्लंडशीं जोडली गेली. या मार्गावर एडन, सुवेझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर अशा चौक्या होत्या. खोल समुद्रांतील केबलीचा प्रवाह इतका नाजूक असे कीं, साधा रिले त्यानें हालत नसे. टॉमसनच्या आरसेवजा यंत्रावर व पुढें सायफन रेकॉर्डर या शाईनें लकेर काढणाऱ्या यंत्रावर ती खूण वाचून कारकून ती पुन्हां पाठवीत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत खुणांचा आकार व काळ दोन्ही नव्यानें आंखून देणारीं यंत्रें या चौक्यांवर बसूं लागलीं, व हस्तलिखित नकलेचा प्रघात मागें पडला. मुंबईच्या एखाद्या पेढीच्या दप्तरांत विलायतेहून आलेली १८८० ची तार व १९३० ची तार शेजारीं शेजारीं सांपडल्या, तर त्या बाह्यतः सारख्या दिसतील. परंतु पहिलीच्या मागें अनेक माणसांचे कान, डोळे व हात आहेत, आणि दुसरीच्या मागें ते फारच थोडे आहेत.

अशा नकलेंतील चूक कशी असते, हें अमेरिकेंतील एका खटल्यावरून स्पष्ट होतें. फिलाडेल्फियाच्या एका लोकरीच्या व्यापाऱ्यानें आपल्या गुमास्त्यास कॅन्ससकडे सांकेतिक शब्दांत तार केली. तींत 'बे' हा शब्द होता, व त्याचा ठरलेला अर्थ 'मी खरेदी केली आहे' असा होता. वाटेंत एक बिंदु जास्त पडून इंग्रजी 'ए'चें 'यू' झालें, 'बे'चा 'बाय' झाला, म्हणजेच 'खरेदी कर' अशी आज्ञा पोंचली. गुमास्त्यानें लोकर खरेदी केली व धन्यास २०,००० डॉलरांहून अधिक खोट आली. संदेश उलट वाचून ताडून घेण्याची जादा फी त्यानें भरली नव्हती. म्हणून इ. स. १८९४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तारकंपनीची जबाबदारी तारेच्या मूळ आकारापुरतीच, म्हणजे १ डॉलर १५ सेंटपुरतीच, ठरविली. येथें पुसट अक्षर नव्हतें, डाग नव्हता, खाडाखोड नव्हती. चुकीचा शब्द खऱ्या शब्दाइतकाच स्वच्छ होऊन हातीं आला.

(५)

टेलिफोन आल्यावर रिलेची मात्रा चालेना. 'आहे कीं नाहीं' एवढा प्रश्न विचारून आवाज पुढें नेतां येत नाहीं. त्याचा प्रत्येक चढउतार जसाच्या तसा पुढें गेला पाहिजे. ही अडचण ली डी फॉरेस्ट याच्या ऑडियन नळीनें दूर केली. हॅरल्ड आर्नोल्ड यानें ती नळी अधिक निर्वात करून कामास योग्य केली. नळींतील तप्त तंतूपासून निघणारा ऋणकणांचा प्रवाह मधल्या जाळीवर आलेल्या क्षीण दाबानुसार कमीजास्त होतो, म्हणून क्षीण ध्वनीची मोठी प्रतिकृति पलीकडे मिळते. अशा नळ्या वाटेवर बसवून २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को यांमधील टेलिफोन समारंभपूर्वक सुरू झाला, व ग्रॅहाम बेल आपल्या जुन्या सहकाऱ्याशीं, वॉटसनशीं, खंडाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकाशीं बोलला.

हा नकलनवीस निराळ्या जातीचा होय. जीर्ण कागदावर पारदर्शक कागद ठेवून अक्षरांबरोबर डाग, भेगा व कसरीचीं भोकेंही गिरविणारा, अशी त्याची उपमा देतां येईल. तो संदेशाबरोबर वाटेंतील खरखरही वाढवितो, आणि आपली स्वतःची थोडी भर घालतो. दहा चौक्या झाल्या तर दहांची खरखर एकत्र होते. नळी ध्वनीस जें वांकडें वळण देते तेंही चौकीगणिक सांचत जातें. हें वळण कमी करण्याची युक्ति हॅरल्ड ब्लॅक यास २ ऑगस्ट १९२७ रोजीं कामावर जातांना नावेंत सुचली. यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा थोडा अंश उलट्या दिशेनें परत आंत सोडून मूळाशीं ताडून पाहावयाचा, व फरक आपोआप काढून टाकावयाचा, असें तिचें स्वरूप. ग्रंथाचीं मुद्रितें मूळ प्रतीशीं ताडण्यासारखीच ही कृति आहे.

या सुधारणेनंतर अशा चौक्या समुद्राच्या तळाशीं ठेवण्याचें धाडस झालें. २५ सप्टेंबर १९५६ रोजीं स्कॉटलंड व न्यूफाउंडलंड यांमधील पहिली अटलांटिक टेलिफोन केबल सुरू झाली. जाण्याची एक व येण्याची एक अशा तिच्या दोन केबली होत्या, व प्रत्येकींत ५१ रिपीटर होते. ज्या समुद्रांत १८५८ ची केबल दाबानें मेली, तेथें या मूक चौक्या १९७८ पर्यंत चालल्या.

(६)

पुढील टप्प्यांत जुना रिले नव्या रूपानें परत आला. इ. स. १९३७-३८ मध्यें पॅरिस येथें काम करणाऱ्या अलेक रीव्ह्ज यानें आवाजाची उंची क्षणोक्षणीं मोजून ती अंकांत, व अंक 'आहे-नाहीं' अशा ठोक्यांत पाठविण्याची कल्पना मांडली. आवाजाचे असे अंक झाले म्हणजे वाटेवरच्या चौकीस पुन्हां तोच जुना प्रश्न विचारतां येतो : ठोका आहे कीं नाहीं ? मग ती मळलेला ठोका टाकून देऊन नवा कोरा ठोका पुढें पाठविते, व खरखर सांचत नाहीं. इ. स. १९६२ पासून अमेरिकेंत टी-१ या नांवानें ही पद्धति व्यवहारांत आली. तींत सुमारें ६,००० फुटांवर एक चौकी असे, व दोन जोड तारांवर २४ संभाषणें एकदम चालत. इ. स. १९८८ मध्यें अटलांटिकांत पडलेल्या पहिल्या कांचतंतूच्या केबलींतही प्रकाशाचे ठोके वाटेंत वाचून नव्यानें तयार होत.

इतक्यांत इ. स. १९८७ मध्यें साउदॅम्प्टन विद्यापीठांत व अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत अर्बियम धातूचा अंश असलेल्या कांचतंतूंत प्रकाश परस्पर वाढवितां येतो असें दिसून आलें. पुढें समुद्रांतील केबलींत वाचून लिहिणाऱ्या चौक्यांऐवजीं अशा गिरवून वाढविणाऱ्या चौक्या बसल्या. मुंबईच्या किनाऱ्यास लागलेली, इ. स. १९९७ मध्यें सुरू झालेली फ्लॅग केबल याच जातीची. खरखर आतां पुन्हां सांचते. मात्र ठोके टोंकावर एकदांच वाचले जातात, व संदेशाबरोबर पाठविलेल्या जादा ताळ्याच्या अंकांवरून तेथील यंत्र चुका शोधून दुरुस्त करितें. नकलांवर विसंबून न राहतां मजकुराबरोबर त्याची पडताळणीही पाठवावयाची, हा यांतील नवा विचार होय. ज्या जादा फीस फिलाडेल्फियाचा व्यापारी मुकला होता, तीच आतां प्रत्येक संदेशामागें आपोआप भरली जाते असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(७)

एकंदर विवेचनावरून नकलनविसांच्या दोन जाति ठरतात. एक गिरविणारा व दुसरा वाचून लिहिणारा. गिरविणाराची नक्कल मळकट असते, पण तिचा मळ दिसतो, व वाचक आपण होऊन सावध होतो. वाचून लिहिणाराची नक्कल स्वच्छ असते. तो चुकला तर त्याची चूकही तितकीच स्वच्छ असते, आणि ती डोळ्यांस ओळखूं येत नाहीं. तारेचा कागद बव्हंशीं या दुसऱ्या जातीचा आहे. म्हणूनच त्याच्या ठसठशीत अक्षरावरून व मिनिटांच्या नोंदीवरून त्याची ग्राह्यता ठरवूं नये.

तेव्हां तारेचा कागद साधन म्हणून वापरतांना तीन गोष्टींची नोंद करावी. पहिली, ती तार कोणत्या मार्गानें आली व वाटेंत किती चौक्या होत्या. दुसरी, त्या चौक्यांवर माणूस होता कीं यंत्र, आणि माणूस असल्यास त्यास संदेशाची भाषा अवगत होती काय. तिसरी, पाठविणाराकडील मूळ मसुदा, मधल्या ठाण्याची उतरलेली प्रत व पोंचलेला कागद यांपैकीं आपल्या हातीं कोणता आहे. मूळ मसुदा उपलब्ध असेल तर पोंचलेल्या कागदाशीं तो अक्षरशः ताडावा. भेद आढळल्यास दोन्ही पाठ छापावे. कारण पाठविणाराचा हेतु मसुद्यावरून समजतो, परंतु स्वीकारणारानें जें केलें तें पोंचलेल्या पाठावरूनच समजतें. कॅन्ससच्या गुमास्त्यानें लोकर घेतली ती 'बाय' या शब्दावरून, व त्या खरेदीपुरता त्याच्यासाठीं तोच पाठ खरा होता.